साक्षीदार की जामीनदार?

आमचं घर छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, एन-९ ला. खाली आम्ही दोघं राहतो. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि बाहेरून वेगळा जिना. हे वाळूजच्या एका कंपनीतून रिटायर झाले. ईपीएसची पेन्शन मिळते, पण तिच्यात महिन्याची औषधंही पुरी येत नाहीत. घरातला किराणा वरच्या मजल्याच्या भाड्यावर चालतो.

२०२२ साली भाडेकरू ठेवताना मी एक चूक केली. नंतर आमच्याच गल्लीत आणखी दोघींनी तीच केली. म्हणून म्हटलं, झालं ते सगळं एकदा लिहावं. कोणाचे तरी पैसे वाचतील.

मे महिन्याच्या शेवटी वरचं कुटुंब शेंद्र्याकडे राहायला गेलं. आम्ही गेटला पाटी लावली. त्या दिवसांत आपल्या गावात खोली शोधणाऱ्यांची रीघ असते. परभणी, हिंगोली, जालना, बीड, बुलढाण्याची मुलं विद्यापीठात, इंजिनिअरिंगला किंवा स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "काकू, पाणी किती दिवसांआड येतं?" जायकवाडी धरण तासाभरावर आणि नळाला तेव्हा पाणी यायचं आठवड्यातून एकदा. त्यामुळे खालची टाकी केवढी, वरची केवढी, हे आधी दाखवावं लागायचं.

पहिल्या आठवड्यात एक बाई येऊन गेल्या. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, स्टाफ नर्स होत्या. सोबत म्हातारी आई. पगाराची स्लिप त्यांनी न मागता पुढे केली. मी नाव विचारलं. नाव ऐकून म्हणाले, "घरच्यांशी बोलून कळवते." कळवलं नाही. का ते वाचणाऱ्याला समजेल. इथं अशीच घरं दिली जातात आणि मीही तेच केलं.

त्यानंतर दोन दिवसांनी ती मुलं आली. दोघं होते. एक जिंतूर तालुक्यातला, एमपीएससीची तयारी करणारा. दुसरा त्याचा मित्र, एमएस्सीला. दोघांनाही स्वतःची कमाई नाही. पैसे गावाकडून येणार. मी जरा मागं-पुढं करत होते. तेवढ्यात जिंतूरचा मुलगा म्हणाला, "काकू, माझे मामा इथंच असतात. सरकारी नोकरीत आहेत. ते जामीन राहतील."

संध्याकाळी मामा आले. सख्खे नव्हेत, गावातले, शेजारचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं मऊ. चहा घेतला. यांच्याशी वाळूजच्या कंपन्यांच्या गप्पा मारल्या. निघताना म्हणाले, "ताई, काही काळजी करू नका. लेकराची जबाबदारी माझी."

या एका वाक्यावर मी खूश झाले. आमच्याकडे डिपॉझिट दोन महिन्यांचं घ्यायची पद्धत. मी एकाच महिन्याचं घेतलं, ७,००० रुपये. भाडंही ७,०००. लाइटचं मीटर वेगळं, बिल त्यांनी भरायचं. कराराचा मसुदा झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळाला. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर छापून घेतला आणि नोटरी केली. १ जून २०२२ ते ३० एप्रिल २०२३, अकरा महिने. खाली मामांनी सही केली. कोणत्या ओळीवर केली हे मी पाहिलं नाही.

मामांकडे मी काही मागितलंही नाही. पगाराची स्लिप नाही, आधारची झेरॉक्स नाही, घरचा पत्ता नाही. फक्त मोबाइल नंबर. घरी आलेल्या माणसाला कागद मागायची लाज वाटली. मुलांचे आधार मात्र मी पुढून-मागून तपासले होते. ज्याच्या भरवशावर खोली दिली त्याला काहीच विचारलं नाही.

पहिले सहा महिने उत्तम गेले. भाडं पाच तारखेच्या आत. मुलं शांत. गणपतीत आरतीला खाली यायची. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या मुलाने दोनदा रिक्षा आणून दिली. हे मुद्दाम सांगते, कारण तो मुलगा वाईट नव्हता.

डिसेंबरात दुसऱ्या मुलाला पुण्यात नोकरी लागली. तो गेला. त्याच्या जागी जिंतूरच्या मुलाने एक मित्र आणि एक चुलत भाऊ आणला. आता तिघं झाले. तिघं म्हणजे पाणी जास्त, टँकर जास्त. मी जानेवारीपासून भाडं ८,००० केलं. तोंडीच. मुलांनी लगेच मान्य केलं. मामांना कळवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मार्चपर्यंत पैसे आले. एप्रिलचं भाडं आलं नाही. "काकू, घरून यायचेत." मे मध्ये ६,००० फोनवरून आले. मग जून, जुलै कोरडे. त्या वर्षी कापसाचं जे झालं ते शेतकऱ्यांच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आदल्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव खाली आला. पुन्हा चढेल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव चढला नाही. मुलाच्या वडिलांनीही तेच केलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटत होतं, पोरगा पैसे उडवतोय.

अकरा महिने एप्रिलअखेर संपले होते. करार नवा करायचा राहिला. यांचं दुखणं, लग्नसराई, उद्या करू, परवा करू. जूनमध्ये मी मुलाला म्हणाले, "बरं, राखीपर्यंत दे सगळे." तेही तोंडी.

जुलैत मामांना फोन केला. त्यांची बदली हिंगोलीला झाली होती. "बोलतो मी त्याच्याशी, ताई." पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. "बोललो, देतो म्हणतोय." तिसऱ्यांदा फोन वाजत राहिला. मग मला राग आला. रात्री झोप लागेना. यांना म्हटलं, जबाबदारी माझी म्हणणारा माणूस आता फोन उचलत नाही.

हे माझ्याहून तापलेले. म्हणाले, "वरचा कॉक बंद करतो. दोन दिवसांत खोली सोडतील." मी अडवलं. कायदा वगैरे माहीत नव्हता. फक्त उन्हाळा आठवला, आठ-आठ दिवस नळाकडे बघत बसलेला. कोणाचं पाणी तोडायला हात धजेना.

शेजारच्या वहिनींचा मुलगा वकील आहे, जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करतो. ऑगस्टमध्ये त्याच्याकडे करार घेऊन गेले. अदालत रोडला एका टपरीवर बसून त्याने तो वाचला. वाचता वाचता हसला. मला ते हसणं आवडलं नाही, पण नंतर कळलं का हसला.

पहिली गोष्ट त्याने बोट ठेवून दाखवली. मामांची सही 'साक्षीदार' या शब्दाखाली होती. तो म्हणाला, "काकू, साक्षीदार म्हणजे करारावर सह्या होताना हजर असलेला माणूस. भाडं बुडालं तर त्याचा काय संबंध? जामीनदार म्हणून यात एक अक्षर नाही."

मी म्हटलं, "पण तोंडाने म्हणाले होते ना." तो म्हणाला, "तोंडी जामीनही आपल्याकडे कायद्याने चालतो. १८७२ चा करार कायदा आहे, त्यात लेखी किंवा तोंडी असंच लिहिलंय. आणि एकदा जामीन सिद्ध झाला की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. थेट त्याच्याकडे पैसे मागता येतात. पण चहा पिताना बोललेलं सिद्ध कसं करणार?"

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. समजा, मामांनी जामीनदार म्हणून लेखी सही केली असती. तरी मी भाडं ७,००० चं ८,००० केलं, दोघांचे तिघं केले, तेही त्यांना न विचारता. त्याच कायद्याचं कलम १३३ म्हणतं की, जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ करारात बदल केला, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो सुटतो. जामीनदाराला न विचारता देणेकऱ्याला मुदत वाढवून दिली तरी तो सुटू शकतो. माझं "राखीपर्यंत दे" त्यातच बसत होतं. म्हणजे कागद पक्का असता, तरी तो मीच फाडला असता.

तिसरी गोष्ट कराराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते आधी धरलं जातं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. वर मालकालाच दंड किंवा कैद होऊ शकते. "आणि स्टॅम्पही कमी लावलाय," तो म्हणाला. अशा लिव्ह अँड लायसन्स कराराला एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक लागतो. ७,००० गुणिले ११ म्हणजे ७७,०००. त्याचे दोनशेच्या आत-बाहेर होतात. आम्ही शंभर वाचवायला गेलो होतो.

पाण्याचंही विचारलं. त्याने हातच जोडले. "काकांना सांगा, कॉकला हात लावू नका. भाडं थकलं तरी पाणी, लाइट तोडता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. उलट तुमच्यावर येईल." करार नोंदणी केलेला असता आणि मुदत संपूनही मुलं हटली नसती, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता आलं असतं. तिथं दुप्पट भाड्याची तरतूद आहे. आमच्या कागदावर तो रस्ता धरणं अवघड.

शेवटी तो म्हणाला, "केस करू नका. मामांना जाऊन भेटा. भांडायला नको."

रविवारी सकाळी आम्ही दोघं हिंगोलीच्या गाडीत बसलो. यांच्या गुडघ्याला एसटीचा प्रवास जड गेला. मामांचं घर भाड्याचं होतं, दोन खोल्यांचं. आम्हाला दारात बघून ते खाली बघायला लागले. त्यांच्या बायकोने पोहे केले. मग मामांनीच विषय काढला.

काही वर्षांपूर्वी ते एका पतसंस्थेत सहकाऱ्याला जामीन राहिले होते. सहकाऱ्याने हप्ते थकवले. मामांच्या पगारातून दोन वर्षं कपात झाली. त्या वर्षी मुलीची फी भरायला बायकोची पोत गहाण ठेवली. "तेव्हापासून जामीन म्हटलं की पोटात गोळा येतो, ताई. तुमच्याकडे आलो तेव्हा ओळख सांगायला आलो होतो. साक्षीदार लिहिलंय हे वाचूनच सही केली. जबाबदारी माझी असं म्हणालो, खरं आहे. आपण म्हणतो ना तसं. फोन उचलायची हिंमत होईना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे वडील शाळेत क्लार्क होते. तेही असेच एकाला जामीन राहिले आणि पगार कापला गेला. सोसायटीची नोटीस आली तो दिवस मला आठवतो. आई दोन दिवस बोलली नव्हती. पतसंस्था साधं कर्ज देतानाही दोन जामीनदार मागते, दोघांचे पगाराचे दाखले घेते, आधी कोणाकोणाला जामीन आहात ते विचारते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढून जामीनदारापर्यंत पोचते. हे सगळं मी लहानपणी घरात बघितलेलं. आणि स्वतःची खोली देताना एका कप चहावर विश्वास ठेवला.

मामांनी आमच्यासमोरच मुलाच्या वडिलांना फोन लावला. यावेळी बोलण्यात लपवाछपवी नव्हती. वडिलांना पाच महिन्यांचं थकलंय हे माहीतच नव्हतं. मुलाने घरी सांगितलं नव्हतं. बाकीच्या दोघांकडून घेतलेले पैसेही त्याने क्लासच्या फीमध्ये भरले होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वडील आले. सिडको बसस्थानकावरून चालत. पायात प्लॅस्टिकची चप्पल, हातात शेंगांची पिशवी. हिशेब मी वहीत मांडून ठेवला होता. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे ४०,०००. त्यातून मिळालेले ६,००० वजा, राहिले ३४,०००. लाइट बिलाची थकबाकी ४,३००. एकूण ३८,३००. डिपॉझिटचे ७,००० वजा केले. बाकी ३१,३००.

त्यांनी आकडा दोनदा विचारला. मग बंडीच्या आतल्या खिशातून १५,००० काढून ठेवले. "कापूस ठेवला तो चुकलंच. पडत्या भावात इकला. आवंदा ऑगस्ट सगळा कोरडा गेला. नवा कापूस निघला की बाकीचे धाडतो, बाई." मुलगा जिन्यात उभा होता. बापाच्या समोर यायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी तिघांनी खोली रिकामी केली. झाडून, पुसून दिली.

डिसेंबरात १०,००० आले. ६,३०० राहिले. मी मागितले नाहीत. रंग आणि नळ मिळून आणखी साडेचार हजार खर्च झाला. आमच्यावर बेतलं त्या मानाने थोडक्यात सुटलो असं सगळे म्हणतात. तरी त्या वर्षी यांचं दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं, ते मी कोणाला सांगत नाही.

ऑक्टोबरात पुन्हा पाटी लावली. आता मी काय करते ते सांगते.

जामीनदाराला भाडेकरूशिवाय, वेगळं बोलावते. मुलगा शेजारी बसलेला असला की माणूस संकोचाने हो म्हणतो. एकटा असला की खरं बोलतो. पहिला प्रश्न एकच विचारते, "याने तीन महिने भाडं दिलं नाही तर तुम्ही खिशातून भराल का?" बरेच जण इथंच गडबडतात. गडबडले की मला कळतं, हे ओळख सांगायला आलेत. त्यात वाईट काही नाही. फक्त त्यांना जामीनदार धरायचं नाही.

दुसरा प्रश्न, आधी कोणाला जामीन आहात का. एका मुलाचा मोठा भाऊ आला होता. कंपनीत कंत्राटावर. त्याने स्वतःहून सांगितलं, एका मित्राच्या गाडीच्या कर्जाला आणि काकाच्या पतसंस्थेच्या कर्जाला सही आहे. प्रामाणिक मुलगा. त्याला नाही म्हणायला जड गेलं. पण तिसरं ओझं त्याच्यावर टाकून मला काही मिळालं नसतं आणि त्याचं घर गेलं असतं.

कागद भाडेकरू आणि जामीनदार दोघांचे सारखेच घेते. पगारदार असेल तर तीन महिन्यांच्या स्लिपा. स्लिपेवर वरचा मोठा आकडा बघू नका. कपातीचा रकाना बघा. सोसायटी, एलआयसी, घराचा हप्ता जाऊन हातात काय पडतं ते बघा. आधारची झेरॉक्स घेताना तिच्यावर 'फक्त भाडेकरारासाठी' असं लिहून तारीख टाकते. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार दिलं तरी चालतं असं सांगते.

शेतकरी जामीनदार असेल तर लोक सातबारा आणून दाखवतात. सातबाऱ्यावर जमीन दिसते, हातातला पैसा दिसत नाही. म्हणून बँकेच्या पासबुकाची सहा महिन्यांची पानं बघते. आणि एक गोष्ट मी आमच्या अनुभवातून शिकले. भाडेकरूचा पैसा आणि जामीनदाराचा पैसा एकाच पावसावर अवलंबून नको. मुलाचं भाडं बापाच्या कापसातून येत असेल आणि जामीनदारही बापच असेल, तर कापूस बसला की दोन्ही एकदम बसतात. अशा वेळी पगारातलं किंवा पेन्शनमधलं कोणीतरी विचारते. मावशी, आत्या, मोठी बहीण, कोणीही.

हमीपत्र वेगळं लिहून घेते. वकिलाने मसुदा दिला. त्यात 'जामीनदार' हा शब्द ठळक आहे. किती रुपयांपर्यंत, कधीपर्यंत, लाइट बिल आणि मोडतोड धरून की सोडून, सगळं लिहिलंय. मर्यादा घालावी हे मला त्या वकिलानेच सुचवलं. मला वाटलं होतं त्याने माझंच नुकसान. पण मर्यादा असली की चांगला माणूस सही करायला तयार होतो. अमर्याद जबाबदारीवर शहाणा माणूस सही करत नाही, आणि जो डोळे झाकून करतो त्याच्याकडून पैसे निघत नाहीत. जामीनदाराला पुढच्या काळापुरता जामीन मागे घ्यायचा असेल तर एक महिना आधी लेखी कळवायचं, हेही लिहिलंय. एक प्रत त्यांच्याकडे देते. हिंगोलीच्या मामांकडे कसलीच प्रत नव्हती.

भाडं वाढलं, माणूस वाढला, मुदत वाढली किंवा उशिरा द्यायला सवलत दिली, की जामीनदाराची पुन्हा सही. एका ओळीची का होईना.

करार आता ऑनलाइन नोंदवते. आधार आणि अंगठा लावून घरबसल्या होतो, करून देणारी माणसं घरी येतात. मुद्रांकाचे सव्वादोनशेच्या आसपास, शहरात नोंदणी फी १,०००, करून देणाऱ्याचे वेगळे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देते. जुन्या कागदावर आमच्या पत्त्यात औरंगाबाद आहे, नव्यावर छत्रपती संभाजीनगर. तेवढ्यावरून कुठला कागद कामाचा ते लगेच ओळखू येतं.

सध्या वर दोघी बहिणी राहतात. वैजापूरकडच्या. मोठी फार्मसीला, धाकटी क्लासला. जामीनदार त्यांची मावशी, जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने शालार्थची पगाराची स्लिप आणली, हमीपत्र दोनदा वाचलं आणि मलाच तीन प्रश्न विचारले. तिसरा होता, "भाडं थकलं तर मला कितव्या दिवशी कळवाल?" तेव्हाच मला वाटलं, हीच बाई पाहिजे. दहा तारीख ठरली. मर्यादा ३०,०००. भाडं ८,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं.

गेल्या वर्षी एकदा भाडं थकलं. दहा तारखेला मी मावशींना मेसेज केला. जरा अवघड वाटलं, मुली तोंडासमोर असताना चहाडी केल्यासारखं. अर्ध्या तासात मावशींचा फोन आला. मुलीच्या वडिलांचा ॲक्सिडेंट झाला होता, घरात कोणाला भाड्याचं भान नव्हतं. त्यांनी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले. पहिल्याच महिन्यात कळल्यामुळे आठ हजारांवर मिटलं. आमच्या वेळी कळेपर्यंत अडतीस हजार झाले होते.

एक गोष्ट मी अजून सुधारू शकलेले नाही. त्या नर्सबाई आता मागच्या गल्लीत राहतात. सकाळी ड्यूटीला जाताना दिसतात. त्यांना जामीनदार लागलाच नसता. दर महिन्याला पगार, हातात स्लिप. मी त्यांचं नाव बघून नाही म्हणाले आणि कमाई नसलेल्या पोरांना एका शब्दावर हो म्हणाले. आता पाटीवर फोन आला की मी आधी आडनाव विचारत नाही. एवढंच जमलंय.

मागच्या महिन्यात हिंगोलीहून मामांचा फोन आला. मी दचकलेच. गावातला आणखी एक मुलगा संभाजीनगरला येतोय, एन-९ च्या आसपास खोली असेल तर सांगा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "ताई, आधीच सांगतो. मुलगा चांगला आहे एवढं मी सांगेन. जामीन मात्र राहणार नाही."

मी म्हटलं, "चालेल की. मुलाला पाठवा. जामीनदार कोण ते त्याच्या घरच्यांशी बोलून ठरवू."